सहा रायफली आणि एकच काडतूस : एका लाकडी संचाचे परीक्षण

गेल्या मे महिन्यात पणजीतील एका हस्तकला प्रदर्शनात लाकडी यांत्रिक नमुन्यांचा एक लहानसा गाळा पाहण्यात आला. घड्याळ, वाफेचे इंजिन, छपाईचे जुने यंत्र हे नेहमीचे नमुने तेथे होतेच. पण एका खोक्यावर पहिल्या पिढीतील लष्करी सेल्फ-लोडिंग रायफलींच्या अंतर्रचनेची सहा चित्रे छापलेली होती आणि ती पाहून मी तेथेच थांबलो. लष्करात चोवीस वर्षे आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून नोकरी करताना एसएलआर (भारतीय लष्कराच्या सेल्फ-लोडिंग) रायफली मी इतक्या वेळा उघडल्या आणि जोडल्या आहेत, की आजही अंधारात तिचा कोणता भाग हाती आला आहे हे बोटांना कळेल. तिच्या आधीच्या पिढ्या मात्र मला केवळ पुस्तकांतील आकृत्यांवरून ठाऊक होत्या. बावन्नशे रुपये मोजून संच घेतला आणि डिचोलीला घरी आलो. तेवढ्या पैशांत घरात काय काय आले असते याची यादी त्याच संध्याकाळी ऐकावी लागली आणि त्या यादीतील एकही वस्तू अनावश्यक म्हणून खोडता येण्यासारखी नव्हती. आता पाच महिन्यांच्या वापरानंतर हे लिहीत आहे.

संचात सहा नमुने आहेत: मेक्सिकोची मोंद्रागोन, फ्रान्सची आरएससी १९१७, रशियाची फेदोरोव्ह, अमेरिकेच्या पेडरसन आणि गॅरंड, आणि सोव्हिएत तोकारेव्ह. संपूर्ण रायफल कोणतीच नाही. नळीचा मागचा भाग, चेंबर (काडतूस बसते ती पोकळी), बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा), मॅगझिन (काडतुसांची पेटी) आणि चापाची जुळणी एवढाच मधला तुकडा मूळ आकाराच्या निम्म्या मापात केलेला असून उजवी बाजू उघडी ठेवलेली आहे, त्यामुळे आतील हालचाल डोळ्यांसमोर घडते. यातून काहीही सुटत नाही. स्फोटाचे काम आपला अंगठा करतो: एक दांडी मागे रेटली की बोल्ट सुटतो, मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि रबराच्या ओढीने बोल्ट पुढे येताना मॅगझिनमधील पुढचे काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. बंदुकीशी कधी संबंध न आलेल्या माणसालाही सेल्फ-लोडिंग म्हणजे काय, हे यावरून एका मिनिटात समजते. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढचे काडतूस आपोआप भरले जाते; दुसऱ्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावाच लागतो. सोबतच्या पुस्तिकेत या सर्वांना सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हटले आहे, ते चूक आहे. सहांपैकी फेदोरोव्हच काय ती चाप दाबून ठेवला तर गोळ्यांची सर सोडू शकत असे.

कापणीच्या कामाला नावे ठेवायला जागा नाही. तीन मिलिमीटरच्या प्लायवर लेसरने केलेली कापणी इतकी नेटकी आहे की खाचा आणि दाते घासावे न लागता बसतात. प्रत्येक नमुन्याला मला दोन संध्याकाळी पुरल्या, पेडरसनला मात्र चार. अडचण सुरू झाली ती जूनमध्ये. आमच्याकडचा पावसाळा लाकडाला काय करतो हे येथील प्रत्येक घराच्या दरवाजाला ठाऊक आहे, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मोंद्रागोनचा बोल्ट आपल्या खाचेत असा काही फुगून बसला की अंगठ्याने रेटून हलेना. खोक्यात मधमाशांच्या मेणाचा एक गोळा दिलेला आहे. तो घासल्यावर थोडा फरक पडला, पण खरा उपाय म्हणजे पाऊस संपण्याची वाट पाहणे. विक्रेत्याने गोव्याच्या किंवा कोकणाच्या गिऱ्हाइकासाठी खाचा केसभर सैल ठेवायला हव्या होत्या.

पण या फुगलेल्या बोल्टाने मला पुस्तिकेपेक्षा अधिक शिकवले, हे मान्य करायला हवे. मोंद्रागोन ही मेक्सिकन अधिकारी मान्वेल मोंद्रागोन यांची रचना. दारू जळून नळीत तयार झालेला थोडा गॅस खाली घेऊन पिस्टन मागे ढकलायचा आणि त्याने बोल्ट फिरवून मोकळा करायचा, ही तिची पद्धत. मेक्सिकोने ती १९०८ मध्ये स्वीकारली आणि स्वित्झर्लंडमधील नॉयहाउझनच्या सिग कारखान्याला चार हजार रायफलींची मागणी दिली. रायफल सुंदर होती, अचूक होती आणि तितकीच महाग व नाजूक होती. मेक्सिकोत क्रांती उसळली, मागणीतील जेमतेम चारशे तिकडे पोहोचल्या आणि उरलेल्यांचा माल पहिल्या महायुद्धात जर्मनीने उचलला. खंदकातील चिखलात ती टिकेना, म्हणून जर्मनांनी ती वैमानिकांना दिली, तीस काडतुसांचे गोल मॅगझिन लावून. आकाशात चिखल नसतो. रचना करणाऱ्यालाही यंत्रणेच्या या लहरीपणाची कल्पना असावी, कारण गॅसची यंत्रणा बाजूला ठेवून साध्या बोल्ट रायफलीसारखी हाताने चालवण्याची सोय त्याने तिच्यात ठेवली होती. नमुन्यात ती सोय दाखवली आहे, आणि जुलैभर मी नेमकी तीच वापरत होतो.

आता या संचाच्या मुख्य दोषाकडे येतो. साही नमुन्यांसाठी काडतुसे म्हणून एकाच मापाच्या, सरळ, टोकाला निमुळत्या लाकडी कांड्या दिलेल्या आहेत. खर्च वाचवण्यासाठी हे केले असणार, हे उघड आहे. मात्र यामुळे साही रायफली सारख्याच सहजतेने चालतात आणि पाहणाऱ्याला वाटते की हे यंत्र एकदा सुचले की काम झाले. फरक फक्त कोणी बोल्ट फिरवला आणि कोणी वाकवला, एवढाच. प्रत्यक्षात कल्पना कधीच दुर्मीळ नव्हती. हायरम मॅक्सिम याने १८८३ च्या सुमारासच विंचेस्टर रायफलीला मागच्या धक्क्यावर चालवून दाखवले होते, ऑस्ट्रियाच्या मानलिखरने १८८५ मध्ये आराखडा केला होता आणि डेन्मार्कच्या आरमाराने १८९६ मध्ये अशी रायफल थोड्या संख्येने वापरातही घेतली होती. पॉल माउझर यांनी तर १९०१ मध्ये अशाच एका रायफलीच्या चाचणीत आपला एक डोळा गमावला. एवढे सगळे होऊनही जगातील बहुतेक पायदळे १९४० पर्यंत हाताने बोल्ट ओढत राहिली, त्यामागचे सर्वांत मोठे कारण काडतूस हे होते, आणि या संचात नेमके तेच गाळले गेले आहे.

म्हणून मी आमच्या ओळखीच्या एका सुताराकडून निम्म्या मापाची वेगवेगळी काडतुसे कातून घेतली. फणसाचे लाकूड वापरले, कारण ते कातायला मऊ आणि दिसायला पितळेच्या जवळचे. त्यानंतर हा संच बोलू लागला.

सर्वांत बोलकी ठरली ती फ्रेंच आरएससी. फ्रान्सचे ८ मिलिमीटर लेबेल काडतूस हे १८८६ चे. बिनधुराची दारू जगात प्रथम फ्रेंचांच्या हाती आली आणि ती वापरणारी रायफल शेजाऱ्याच्या आधी उभी करण्याच्या घाईत त्यांनी जुन्या ११ मिलिमीटर ग्रा काडतुसाचेच तोंड आवळून नवे काडतूस बनवले. परिणामी त्याचे बूड जाड, बुडाला बाहेर आलेली कड, आणि अंग दोन टप्प्यांत निमुळते होत गेलेले. गाजरासारखेच म्हणा ना. असे काडतूस एकावर एक रचले की सरळ राहत नाही, पंख्यासारखे पसरते. ज्यांनी ३०३, ही ब्रिटिश बोल्ट रायफल, वापरली आहे त्यांना याची थोडी कल्पना येईल: क्लिपमध्ये (काडतुसे एकत्र धरणाऱ्या पट्टीत) वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या मागे गेली की अडलेच, आणि ब्रेन या मशीनगनचे मॅगझिन वाकडे का असते याचे उत्तरही त्या कडेतच आहे. लेबेलचे दुखणे याच्या दुप्पट. सोबतच्या सरळ कांड्यांवर आरएससीचा नमुना अगदी लोण्यातून सुरी जावी तसा चालतो. मी गाजरी काडतुसे भरली तेव्हा तिसऱ्याला बोल्ट अडला, पुन्हा भरली तर पुन्हा तिसऱ्यालाच.

यातील दैवदुर्विलास असा की फ्रान्सकडे याहून चांगली गोष्ट तयार होती. म्युनिये यांची रायफल स्वतःच्या नव्या ७ मिलिमीटर काडतुसासह महायुद्धापूर्वीच स्वीकारली गेली होती. पण १९१४ मध्ये शत्रू दाराशी आल्यावर लाखो सैनिकांचे काडतूस बदलणे अशक्य होते, आणि तिचे उत्पादन हजाराच्या आसपास थांबले. मग रिबेरोल, सुतेर आणि शोशा या तिघांनी जुन्याच काडतुसासाठी आरएससी उभी केली. सव्वापाच किलो वजन, एक मीटर तेहतीस सेंटिमीटर लांबी, आणि तिच्यासाठी पाच काडतुसांची वेगळी क्लिप, जी इतर फ्रेंच रायफलींना चालत नसे. सैनिकांनी तिला नावे ठेवली. तरीही पंच्याऐंशी हजारांच्या आसपास बनल्या आणि लढल्या. त्या युद्धात इतक्या मोठ्या संख्येने पायदळाला दिलेली दुसरी सेल्फ-लोडिंग रायफल नाही. पुस्तिकेने तिला ‘अयशस्वी’ अशा एका शब्दात निकालात काढले आहे. एक आर्मरर म्हणून मला हे अन्यायाचे वाटते. ज्या यंत्राला गाजर गिळायला सांगितले होते, त्याने पंच्याऐंशी हजार वेळा ते गिळून दाखवले. ठसका लागला तर दोष गाजराला द्यायला हवा.

फेदोरोव्हचा नमुना संचात सर्वांत देखणा आहे. येथे गॅसचा संबंध नाही, गोळी सुटली की नळी स्वतःच थोडी मागे सरकते आणि बोल्टला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तबकड्या सुटतात. हे सरकणे नमुन्यात फार छान साधले आहे. व्लादिमिर फेदोरोव्ह यांना रशियाचे कड असलेले जाड काडतूस नकोच होते. त्यांनी स्वतःचे साडेसहा मिलिमीटरचे काडतूस योजले होते, ते युद्धामुळे राहिले आणि अखेर जपानकडून खरेदी केलेल्या अरिसाका रायफलींच्या साडेसहा मिलिमीटर काडतुसांवर काम भागवावे लागले. सौम्य धक्क्याचे ते काडतूस या यंत्राला मानवले. मात्र परदेशी काडतुसावर स्वतःचे सैन्य उभे राहत नाही. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे बत्तीसशे बनल्या आणि विषय संपला.

पेडरसन आणि गॅरंड हे दोन नमुने शेजारी ठेवूनच पाहावेत. चवथीला घरी आलेल्या भाच्यांनी हे दोनच नमुने चार दिवस हातातून सोडले नाहीत आणि एवढी हाताळणी होऊनही एक रबर तुटण्यापलीकडे काही बिघडले नाही, ही या संचाच्या मजबुतीची पावती समजायला हरकत नाही. पेडरसनमध्ये माणसाच्या गुडघ्यासारखा सांधा आहे. गोळी सुटताच तो लगेच वाकत नाही. त्याच्या बाकाची भूमिती त्याला क्षणभर थोपवून धरते आणि दाब उतरू लागला की तो वर उचलला जातो. भाच्याने विचारले, “मामा, हा गुडघा आधीच वाकला तर?” प्रश्न अचूक होता. दाब पुरता उतरण्यापूर्वीच काडतूस मागे सरकू लागते, आणि त्या क्षणी पितळ चेंबरच्या भिंतीला चिकटलेले असते. पेडरसन यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे प्रत्येक काडतुसावर मेणाचा पातळ, कोरडा थर. माझ्या नमुन्यालाही पावसाळ्यात मेणच लागले, हा योगायोग मला भारी आवडला. पण युद्धात कोट्यवधी काडतुसांना मेण लावण्याची कल्पना कोणत्याही लष्करी कोठाराला घाम फोडणारी आहे.

या दोघांतील स्पर्धा खरे तर काडतुसावरूनच रंगली. पेडरसन यांची रायफल त्यांच्याच .२७६ इंची, म्हणजे सुमारे ७ मिलिमीटरच्या काडतुसासाठी होती, आणि अमेरिकी लष्कर ते काडतूस घेण्याच्या इतके जवळ आले होते की १९२८ मध्ये वेगवेगळ्या मापांच्या गोळ्यांचा परिणाम पाहण्यासाठी भूल दिलेल्या डुकरांवर चाचण्याही झाल्या. जॉन गॅरंड हे कॅनडात जन्मलेले, स्प्रिंगफिल्डच्या सरकारी शस्त्रशाळेतील यंत्रकार. त्यांची पहिली रचना काडतुसाच्या बुडातील टोपी (जिच्या ठिणगीने दारू पेटते) किंचित मागे येते त्या धक्क्यावर चालणारी होती. लष्कराने दारू बदलली आणि टोपी घट्ट बसवायला सुरुवात केली, तेव्हा ती सोडून त्यांना गॅसकडे वळावे लागले. मग त्यांनीही .२७६ साठी दहा काडतुसांची रायफल तयार केली, ती पेडरसनपेक्षा सरस ठरली, तिला मेणही नको होते. आणि १९३२ मध्ये लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी .३० इंची काडतुसांच्या साठ्याकडे बोट दाखवून नवे काडतूस नामंजूर केले. गॅरंड यांनी तीच रायफल जुन्या, अधिक जोरकस काडतुसासाठी पुन्हा बांधली. दहाची क्षमता आठवर आली. ९ जानेवारी १९३६ रोजी ती स्वीकारली गेली. संपूर्ण पायदळाचे नेहमीचे हत्यार म्हणून सेल्फ-लोडिंग रायफल देणारे पहिले मोठे सैन्य अमेरिकेचे, हे खरे. पण पुस्तिकेत म्हटल्याप्रमाणे कोणत्याही सैन्याने स्वीकारलेली पहिली सेल्फ-लोडिंग रायफल गॅरंड नव्हे, तिच्या आधीची मोंद्रागोन तर याच खोक्यात आहे.

गॅरंडच्या नमुन्यात आणखी एक सूक्ष्म चूक सापडली. आरंभीच्या रायफलींमध्ये गॅस नळीच्या तोंडाशी बसवलेल्या टोपणात पकडला जाई. डेन्मार्कच्या बांग यांची ही जुनी युक्ती. ती घाण धरते आणि संगिनीच्या झटक्याने हलते, म्हणून लवकरच नळीला खालून छिद्र पाडण्याची पद्धत घेतली गेली. नमुन्यावर १९३६ हे वर्ष कोरले आहे आणि आत दाखवले आहे ते छिद्र. जर्मनांनीही १९४१ च्या रायफलीत हीच टोपणाची चूक करून पाहिली आणि १९४३ मध्ये मुकाट्याने तोकारेव्हची पद्धत उचलली.

तोकारेव्हचा नमुना मी शेवटी जोडला आणि जोडता जोडता हात ओळखीच्या वाटेने जाऊ लागले. नळीच्या वर आखूड धाव घेणारा पिस्टन, त्याच्या टोल्याने मागे जाणारा वाहक, आणि फिरण्याऐवजी मागचा भाग खाली टेकवून अडणारा बोल्ट: ही तर माझ्या एसएलआरची सख्खी नात्यातली. फक्त तिला १८९१ चे कड असलेले काडतूस पदरी घ्यावे लागले, आणि पितळ चिकटू नये म्हणून चेंबरमध्ये लांबट खोबणी पाडाव्या लागल्या. नमुन्यात त्या खोबणी आखलेल्या दिसतात. सरळ कांडी वापरली तर त्या कशासाठी आहेत हे कोणालाही कळणार नाही. या नमुन्यावर गॅस रेग्युलेटर दाखवलेला नाही, हे मात्र मला खटकले. आमच्या एसएलआरवर रेग्युलेटर जितका बंद, तितका पिस्टनला गॅस जास्त, कारण तो जादा गॅस बाहेर सोडण्याचे काम करतो. नवीन जवान नेहमी उलटे समजायचे, आणि फायरिंग रेंजवर निम्मे स्टॉपेज, म्हणजे रायफल अडण्याचे प्रकार, त्या समजुतीतूनच निघायचे.

एसएलआरचे मूळ असलेली एफएएल बेल्जियमच्या द्यूदोने सेव्ह यांनी महायुद्धानंतर प्रथम आखली ती जर्मनांच्या आखूड ७.९२ मिलिमीटर काडतुसासाठी, मग ब्रिटिशांच्या .२८० इंची काडतुसासाठी, आणि शेवटी अमेरिकेच्या आग्रहाने नाटोचे ७.६२ मिलिमीटर काडतूस ठरले, तेव्हा त्यासाठी ती वाढवली गेली. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यात आलेल्या भारतीय पायदळाच्या हाती बोल्ट ओढायची ३०३ होती आणि समोर पोर्तुगिजांकडेही बोल्टच्याच माउझर. ईशापूरच्या कारखान्याची एसएलआर त्यानंतरची. या संचात सातवा नमुना तिचा असता तर येथील गिऱ्हाइकाला अधिक जवळचा वाटला असता. विक्रेत्याला मी तसे कळवले आहे. उत्तर सौजन्याचे आले, आश्वासन नाही.

घेण्याचा विचार असलेल्यांसाठी दोन गोष्टी. संच पावसाळा संपल्यावर, हवा कोरडी झाली की जोडायला घ्यावा आणि पुढच्या मे अखेरीस मेण लावून बंद कपाटात ठेवावा. दुसरे, सोबतच्या कांड्या बाजूला ठेवून निदान लेबेलची आठदहा काडतुसे तरी कातून घ्यावीत. मला सर्व मिळून तीनशे रुपये पडले. माझी आरएससी ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हातही तिसऱ्या काडतुसाला अडते. तिची खाच कानशीने किंचित वाढवावी असे एकदा मनात आले होते, पण कानस पुन्हा पेटीत ठेवून दिली.